जुन्या घराच्या तुळया ‘ठोक’ भावात देताय? आधी मोजून घ्या

उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार खाली गेले की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर वर दिसू लागते आणि दोन दिवसांत त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. नदीकाठची गावे वर सरकली, देऊळ जागेवर राहिले.

लाकूड मात्र उचलून नेता येते. धरणात जाणाऱ्या गावांत घर सोडताना दारे, चौकटी, खांब, तुळया सोडवून नव्या जागी नेण्याची रीतच होती. नवे लाकूड विकत घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडायचे. त्यामुळे उजनीच्या काठावरच्या एखाद्या जुन्या घरातली तुळई पहिल्यांदा बसवली गेली ते घर आज पाण्याखाली असण्याची शक्यता बरीच असते.

आता हीच लाकडे दुसऱ्यांदा निघत आहेत. इंदापूर-बारामती पट्ट्यात मातीच्या भिंती आणि माळवदाची घरे पाडून स्लॅब टाकले जातात. घर पाडायला आलेला माणूस आत एक चक्कर मारतो, वर बघतो आणि ‘सगळ्या लाकडाचे मिळून इतके देतो’ असा एक आकडा सांगतो. घरच्यांना जागा मोकळी करायची घाई असते. संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली भरून जाते. त्या ट्रॉलीत नेमके काय होते, किती होते आणि त्याचे पुढे काय होते, हे बहुतेकांना नंतरही कळत नाही.

माळवदात लाकूड कुठे कुठे असते?

कमी पावसाच्या या भागात उतरत्या कौलांपेक्षा सपाट मातीचे छत सोयीचे होते. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर थोड्या थोड्या अंतराने कड्या, कड्यांवर फळ्या किंवा चिपा-काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर किती मोठे हे खणांवर सांगितले जायचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ज्याच्या घराला फळ्यांचा कडीपाट, तो गावात बरा समजला जायचा. बाकीच्यांकडे चिपांवर भागायचे.

या छताचे वजन प्रचंड असते. दर पावसाळ्याआधी वर नवी माती चढवायची, तीही जुन्या थरावरच. त्यामुळे तुळया जाड ठेवाव्या लागत. आज घरबांधणीत एवढ्या जाडीचे अखंड लाकूड कोणी वापरत नाही आणि बाजारात सहज मिळतही नाही. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे ते मुख्यतः यामुळे.

घर पाडताना सगळ्यांचे लक्ष तुळयांकडे आणि दारांकडे असते. कड्या मात्र बाजूला ढिगात पडतात आणि पाणी तापवायच्या बंबाखाली जातात. इथेच मोठे नुकसान होते. त्याचा हिशेब पुढे येतो.

सगळे जुने लाकूड सागवान नसते

‘जुने म्हणजे सागवान’ हा समज घर विकणाऱ्यांत फार आहे. घेणाऱ्यांत तो अजिबात नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याने घर बांधताना बाहेरून आणलेले सागवान दारे-चौकटी आणि मुख्य तुळयांपुरते वापरले आणि बाकी कामाला बांधावरची झाडे तोडली, असे सर्रास दिसते. एकाच छतात सागवान, बाभूळ, कडुनिंब आणि वावळ शेजारी शेजारी सापडू शकतात. वरून धुराने आणि तेलाने सगळीच काळी झालेली असतात, त्यामुळे नुसते बघून काही कळत नाही.

ओळखण्यासाठी एका कोपऱ्यावर रंधा किंवा पटाशी मारावी आणि आतला ताजा भाग पाहावा. सागवान सोनेरी-तपकिरी निघते, हाताला किंचित तेलकट लागते आणि त्याला चामड्यासारखा ओळखीचा वास येतो. टोकाकडून पाहिले तर वर्षांची वलये स्पष्ट दिसतात. बाभूळ लालसर, जड आणि इतकी टणक असते की खिळा ठोकताना वाकतो. कडुनिंबही लालसर असतो, पण बाभळीपेक्षा हलका. त्याचा रेषा आडवा-उभा गुंतलेला असतो, म्हणून रंधा मारताना एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरबरीत लागतो.

वजनही मदत करते. वाळलेल्या सागवानाचा एक घनफूट सुमारे १८ किलो भरतो, बाभळीचा साधारण २२ ते २३ किलो. हातात घेतलेली कडी तिच्या आकाराच्या मानाने फारच हलकी लागली, तर दोन शक्यता असतात. एकतर ते हलक्या जातीचे लाकूड आहे किंवा आतून किड्याने पोखरले आहे.

वावळ म्हणजे आपला ‘एल्म’

फिकट पिवळट-राखी रंगाचे लाकूड निघाले, ज्यात मधला गडद गाभा आणि बाहेरचा पांढरा भाग असा फरकच दिसत नाही, तर ते वावळ असू शकते. वावळा म्हटले की गावाकडच्या वाचकांना झाड आठवेल. उन्हाळ्यात कागदी पंखाच्या गोल चकत्या वाऱ्यावर उडतात, मुले त्यातली बी काढून खातात, आणि पान चुरगाळले तर उग्र वास येतो. इंग्रजीत या झाडाला ‘इंडियन एल्म’ म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या एल्मच्याच कुळातले हे झाड आहे आणि जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला एल्मच्याच गटात नाव दिले होते.

हे नाते सांगण्याचे कारण आहे. परदेशात जुन्या घरांतून, गोठ्यांतून काढलेल्या एल्मच्या फळ्यांना आज मोठी मागणी आहे. एल्मचे रेषे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते सहज फाटत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये गाडीच्या चाकाचा मधला ठोकळा एल्मचा करत आणि खुर्चीची बैठकही एल्मची. बैठकीत चारही पायांची भोके पाडली तरी ती चिरत नसे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला बाभूळ वापरली गेली, तीही याच कारणासाठी.

मग एल्मवर संकट आले. सालीत राहणाऱ्या भुंग्यामार्फत पसरणाऱ्या एका बुरशीने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधली दोन कोटींहून जास्त एल्मची झाडे मारली. मोठ्या घेराचे एल्म नव्याने मिळणे जवळजवळ थांबले. जुन्या घरातली रुंद फळी ही त्यानंतर वस्तू म्हणून वेगळीच झाली. उत्तर चीनमध्ये जुन्या एल्मची दारे आणि तुळया कापून जेवणाची टेबले बनतात आणि ती पाश्चात्त्य देशांत विकली जातात. त्यांच्या खिळ्यांची भोके, चिरा, जुन्या खाचा मुद्दाम तशाच ठेवतात. गिऱ्हाईक पैसे देते ते त्या खुणांचेही.

आपल्याकडच्या वावळीला हा भाव का नाही? कारण सरळ आहे. लाकूड कामाला बरे असले तरी टिकाऊ नाही. कापल्यावर लगेच वाळवले नाही तर त्यावर निळसर डाग पडतात आणि किडा फार लवकर लागतो. त्यामुळे गाड्यांचे किरकोळ भाग, खोकी, स्वस्त फर्निचर, ब्रशच्या पाठी, कोळसा अशाच कामांत ते गेले. पण चाळीस-पन्नास वर्षे चुलीच्या धुरात कोरडी राहिलेली आणि किडा न लागलेली वावळीची फळी सापडली, तर ती परीक्षा पास झालेली फळी समजावी. तिला सरपणात घालू नये. रंग फिकट असल्याने कपाटाचे आतले कप्पे, ड्रॉवर, खेळणी, फोटोफ्रेम यांना ती छान दिसते. फक्त जमिनीला टेकेल किंवा ओल लागेल अशा जागी वापरायची नाही.

पाण्यातले लाकूड खरेच टिकते का?

धरणाकाठी हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. लाकूड कायम पाण्यात बुडून राहिले तर हवा मिळत नाही आणि बुरशी वाढत नाही. सतराव्या शतकात लंडनला पाणी पुरवणारे नळ एल्मचे खोड आतून पोखरून केलेले होते. आपल्याकडे विहिरीच्या तळाला बसवायच्या कड्यासाठी पळसाचे लाकूड वापरत. पळस एरवी कुचकामी, जमिनीवर दोन-चार पावसाळे काढत नाही, पण पाण्याखाली टिकतो. गावाच्या नावातच पळस असलेल्या पळसदेवच्या वाचकांना एवढे सांगायलाच हवे.

उजनीची गोष्ट वेगळी आहे. इथे पाणी दरवर्षी चढते आणि उतरते. काठाजवळचे लाकूड काही महिने भिजते, काही महिने उन्हात तापते. लाकडासाठी यापेक्षा वाईट परिस्थिती नाही. म्हणून कोणी ‘धरणातून काढलेले पन्नास वर्षांचे सागवान’ अशी कथा सांगून फळी विकत असेल, तर कथा बाजूला ठेवावी आणि फळीवर पटाशी मारून पाहावी. शिवाय पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जुन्या गावठाणातून कोणी काही उचलून आणू नये. ती जमीन संपादित झालेली आहे आणि मंदिर परिसरातल्या प्रत्येक दगड-लाकडाला त्याच्या जागी महत्त्व आहे.

हिशेब : घनफूट म्हणजे नेमके किती?

आता मुख्य मुद्दा. लाकूड घनफुटावर विकले जाते. ठोक आकडा सांगणारा व्यापारी मनात घनफूटच मोजत असतो. विकणाऱ्यानेही तेच करायला हवे, आणि त्याला टेप आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

चौकोनी लाकडासाठी रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घ्यायची. तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. समजा तुळई १० फूट लांब, ८ इंच रुंद, ६ इंच जाड आहे. ८ गुणिले ६ गुणिले १० म्हणजे ४८०, भागिले १४४, उत्तर ३.३३ घनफूट. अशा सहा तुळया असतील तर २० घनफूट झाले.

आता बंबाखाली चाललेल्या कड्यांकडे येऊ. एक कडी ५ फूट लांब, ३ इंच बाय अडीच इंच धरा. ती पाव घनफुटाहून किंचित जास्त भरते. घरात अशा ६० कड्या असतील तर साडेपंधरा घनफूट होतात. म्हणजे ज्या ढिगाकडे कोणी बघत नाही, तो तुळयांच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त भरला. कड्या सागवानी असतील तर हा ढीग पेटवण्याआधी दहा वेळा विचार करावा. वीस घनफूट सागवान वजनाला जेमतेम ३.६ क्विंटल भरते. सरपणाच्या काट्यावर त्याचे काय येतील, हे प्रत्येकाने आपापल्या गावच्या दराने करून पाहावे.

कमी खर्चाच्या घरांत तुळया गोलच ठेवलेल्या असतात. नुसती साल काढलेले खोड. गोल लाकूड मोजण्याची बाजारातली पद्धत वेगळी आहे. दोरीने घेर मोजतात, त्याचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात आणि १४४ ने भागतात. ३२ इंच घेराची १० फुटी तुळई या पद्धतीने ४.४४ घनफूट येते. प्रत्यक्षात तिच्यात ५.६६ घनफूट लाकूड असते. म्हणजे साधारण २१ टक्के लाकूड मापातच सुटते. यात फसवणूक नाही. गोल खोड चौकोनी करताना कडेचा भाग वाया जातो, त्याची ती सोय आहे आणि व्यापारात ती सर्वमान्य आहे. पण हे माप माहीत असलेला विकणारा दराबाबत दोन शब्द जास्त बोलू शकतो.

व्यापारी कमी भाव का सांगतो?

त्याचीही बाजू आहे. जुनी तुळई जशीच्या तशी कामाला येत नाही. वरची काळी, चिरलेली कातडी काढावी लागते. चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच गेला तर ८ बाय ६ ची तुळई ७ बाय ५ ची उरते. तुळईची दोन्ही टोके मातीच्या भिंतीत असतात आणि वाळवी पहिल्यांदा तिथेच शिरते. प्रत्येक टोकाचा एक फूट कापून टाकला तर लांबी ८ फूट राहते. ३.३३ घनफुटांतले हातात १.९४ घनफूट आले. जवळजवळ ४२ टक्के घट, आणि यात कड्यांसाठी पाडलेल्या खाचा धरलेल्या नाहीत.

त्यानंतर खिळे. जुन्या लाकडात मोडून आत राहिलेला एक खिळा करवतीचे पाते तोडतो. पात्याचा खर्च आणि धोका दोन्ही असल्यामुळे अनेक सॉ मिलवाले जुने लाकूड घ्यायलाच तयार नसतात, घेतले तर कापण्याचा दर जास्त लावतात. व्यापाऱ्याला मजूर लावून खिळे उपटावे लागतात, माल ठेवायला जागा लागते आणि गिऱ्हाईक येईपर्यंत पैसा अडकतो. तेव्हा नव्या सागवानाच्या दराशी तुलना करून कोणी भांडू नये. भांडण करायचे ते मापावर करावे.

खिळे मात्र विकणारा स्वतः काढू शकतो. लाकडावर खिळ्याभोवती काळा डाग असतो. सागवानातला आणि बाभळीतला कस लोखंडाला लागला की तो काळा पडतो. डाग दिसला की आत लोखंड आहे किंवा होते, हे समजावे. स्पीकरमधून काढलेले जुने लोहचुंबक दोऱ्याला बांधून फिरवले तरी बरेच खिळे सापडतात. साफ केलेल्या आणि जातीनुसार वेगळ्या रचलेल्या लाकडाचा भाव न उपटलेल्या ढिगापेक्षा वेगळा असतो, हे वेगळे सांगायला नको.

जेसीबी की माणसे?

जेसीबी लावला तर घर दोन तासांत आडवे होते. त्याच दोन तासांत कड्या मधून मोडतात, चौकटीची कुसे तुटतात आणि तुळईला लांबलचक चीर जाते. चीर गेलेल्या तुळईतून लांब फळी निघत नाही, आणि लांब रुंद फळी हीच तर जुन्या लाकडाची खरी किंमत. ज्या क्रमाने घर बांधले त्याच्या उलट क्रमाने ते उतरवावे. आधी वरची माती, मग चिपा-फळ्या, मग कड्या, शेवटी तुळया. जुने सुतार सांध्यात लाकडी मेख ठोकत. ती उलट बाजूने ठोकून काढली की सांधा सुटतो, पहार घालून उचकटावा लागत नाही. माती उतरवल्याशिवाय खालच्या कड्यांना कोणी हात लावू नये. टनावारी ओझे अंगावर येते आणि अशा कामात जीव जातात.

उतरवलेले लाकूड उघड्या जमिनीवर टाकले तर पहिल्याच पावसात त्यात ओल आणि वाळवी दोन्ही शिरतात. खाली विटा, थरांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, वर पत्रा, आणि बाजूने वारा खेळता. एवढी थप्पी लावली तर घाईने विकायची गरज उरत नाही आणि घाई नसली की भाव आपोआप सुधारतो.

किडा जिवंत आहे की गेला?

लाकडावर भोके दिसली म्हणून ते लगेच फेकायचे नाही. भोके तीस वर्षांपूर्वीची असू शकतात. लाकूड झटकून स्वच्छ करावे, खाली वर्तमानपत्र अंथरून पंधरा दिवस ठेवावे. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर किडा आत आहे. असे लाकूड घरातल्या इतर फर्निचरजवळ नेऊ नये. भुकटी पडली नाही, टोचल्यावर पटाशी आत घुसत नाही आणि वाजवल्यावर खणखणीत आवाज येतो, तर ते कामाचे आहे. सागवानात किडा बहुधा बाहेरच्या पांढऱ्या भागापुरता असतो, आतला गाभा तो सोडून देतो. तो भाग तासून टाकला की प्रश्न मिटतो.

किड्यापेक्षा जास्त काळजी घ्यावी ती माणसाने लावलेल्या गोष्टींची. वाळवी येऊ नये म्हणून गावाकडे ट्रॅक्टरचे जळके तेल किंवा डांबर फासण्याची पद्धत आहे. असे लाकूड पॉलिश धरत नाही, फेव्हिकॉल धरत नाही आणि वासही जात नाही. गॅमेक्सिनची भुकटीही एकेकाळी घरोघरी मारली जायची. त्या जातीच्या औषधावर देशात १९९७ मध्ये बंदी आली. अशा लाकडाचा पोळपाट, चॉपिंग बोर्ड किंवा पाळणा करू नये. दारांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. रंगातल्या शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासून किंवा ज्योतीने जाळून काढू नये. ओला करून खरवडावा, मास्क लावावा, मुलांना लांब ठेवावे. आणि रंगवलेली लाकडे चुलीत तर घालूच नयेत.

कापायचे कशासाठी, आणि काय कापायचे नाही?

सुताराकडे जाण्याआधी घरातल्या लाकडाची यादी घेऊन जावे, इंटरनेटवरचा फोटो घेऊन जाऊ नये. फोटोतल्या टेबलाला लागणारी फळी आपल्या तुळईत असेलच असे नाही. तुळयांतून टेबलाची पाटी, झोपाळ्याची फळी, दाराची चौकट, जिन्याच्या पायऱ्या निघतात. कड्यांतून खिडक्यांच्या चौकटी, पलंगाचे पाय, स्टूल, देव्हारा, पाट, चौरंग होतात. कड्या पट्ट्यांसारख्या चिकटवून मोठी पाटीही करता येते. मात्र वेगवेगळ्या जातींच्या कड्या एकत्र चिकटवू नयेत. त्यांचे फुगणे-आकसणे वेगळे असते आणि दोन पावसाळ्यांत जोड उघडतात. बाभूळ चकचकीत फर्निचरला त्रासाची, पण हातोडा-कुदळीचे दांडे, बाकाचे पाय, गोठ्यातली दावण यांना तिच्यासारखे लाकूड नाही.

जुने लाकूड वाळलेले असते हे त्याचे सर्वांत मोठे भांडवल. नव्या लाकडाचे दार पहिल्या वर्षी वाकते, याचे सहसा वाकत नाही. तरीही तुळई कापून पातळ फळ्या केल्या की आत वर्षानुवर्षे दबलेला ताण मोकळा होतो आणि फळी किंचित कमान धरते. म्हणून कापल्या दिवशी काम सुरू करू नये. पट्ट्या घालून तीन-चार आठवडे रचून ठेवावे आणि मगच रंधा मारावा. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात पुरतात. चकाकणारे जाड पॉलिश लावून जुनेपणा झाकायचा असेल तर जुने लाकूड घेतलेच कशाला, असे आमचे मत आहे. तेलाने ओल्या झालेल्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात.

कोरीव चौकट, गणेशपट्टी, नक्षीचे खांब आणि कडी-कोयंड्यासह असलेले जाड दार या गोष्टी कधीही घनफुटावर देऊ नयेत. त्या कापल्या की संपल्या. तमिळनाडूत चेट्टिनाडमधल्या कराईकुडीला जुन्या हवेल्यांचे खांब-दारे विकणारा अख्खा बाजार आहे, मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आणि पुण्यातही अशा वस्तू घेणारे आहेत. पण त्यासाठी शहरात जावे लागेलच असे नाही. भिगवण-कुंभारगाव भागात रोहित आणि इतर पक्षी पाहायला पर्यटक येतात, त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाच्या सोयी उभ्या राहिल्या आहेत, महामार्गावर हॉटेले आहेत. गावाकडचे वातावरण दाखवण्यासाठी त्यांनाच जुनी दारे हवी असतात. तीन ठिकाणी फोटो पाठवून विचारल्याशिवाय पहिल्या माणसाला हो म्हणू नये.

चौकट विकायचीच नसेल तर तो निर्णयही चांगलाच. नव्या स्लॅबच्या घराला जुनी चौकट बसवता येते. गवंड्याला भिंत उचलण्याआधी माप द्यावे लागते एवढेच. जुन्या चौकटी बुटक्या असतात, वाकूनच आत यावे लागते. त्यासाठी खाली दगडी उंबरा किंवा वर झरोका घेऊन उंची साधतात.

कागद कोणते लागतात?

स्वतःच्या घराचे लाकूड स्वतःच्या नव्या घरात वापरण्यात अडचण नाही. विकून गाडीत घातले की प्रश्न येतो. लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम ४१ ने राज्याला दिला आहे आणि सागवानाबाबत वनविभाग दक्ष असतो. रस्त्यात गाडी अडवली तर ‘घराचे आहे’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. घर पाडण्याआधीचे छतासह काढलेले फोटो, ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा, पाडकामाची नोंद आणि मापांसह विक्रीचा कागद जवळ असावा. माल तालुक्याबाहेर जाणार असेल तर गाडी भरण्याआधी इंदापूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. घेणारा ‘ते मी बघतो’ म्हणाला तरी विक्रीच्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

दुसरा कागद घरातलाच आहे. जुने घर बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि हक्कदार चार-पाच जण. एक भाऊ गावात, दोन पुण्यात, बहीण सासरी. गावातल्या भावाने लाकूड विकले की दिवाळीत त्यावरून बोलणी होतात. आठ हजारांच्या तुळयांवरून बोलणे बंद झालेली घरे कोणत्याही गावात सापडतील. तुळया-कड्यांची मापे लिहिलेली यादी आणि फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर आधी टाकावेत, होकार लेखी घ्यावा आणि ज्याला आठवण म्हणून उंबरा किंवा देवळीची चौकट हवी असेल त्याने ती पाडकामाच्या आधी येऊन घेऊन जावी.